वाटप सुरू आहे

ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यात राहणाऱ्या महिपत वैतींनी १९९७ ते १९९९ अशी दोन वर्षं खपून 'देवघेव' नावाचा कॉम्प्युटर प्रोग्रॅम लिहिला. एका घरातली फाइल टेलिफोनच्या तारेतून थेट दुसऱ्या घरात न्यायची. मध्ये मुख्य कचेरी नाही, साहेब नाही, आणि प्रोग्रॅमची मूळ संहिता, म्हणजे तो ज्या ओळींनी लिहिला त्या ओळीही, सगळ्यांना उघड्या. वैतींनी सरकारी कचेरीत सतरा वर्षं काढलेली असल्यामुळे साहेब नसलेल्या व्यवस्थेची त्यांना स्वप्नं पडत.

नौपाड्याच्या निवृत्त मुख्याध्यापिका प्रमोदिनीबाईंना योजना पसंत पडली. शंका एकच होती.

"पण अध्यक्ष कोण?"

"बाई, यात अध्यक्ष नसतो. सगळे सारखे."

"सगळे सारखे, हे मान्य. पण त्या सगळ्यांत अध्यक्ष कोण?"

तेव्हा त्याच अध्यक्ष झाल्या. ठाण्यापासून कल्याणपर्यंत एकतीस सभासद जमले. प्रत्येकाने मूळ संहितेची एक प्रत आपल्याकडे जपावी आणि मागेल त्याला द्यावी, असा ठराव टाळ्यांच्या गजरात मंजूर झाला. वैतींचा ऊर भरून आला. त्यांनी घरातल्या जादा प्रतींच्या फ्लॉप्या पुसून टाकल्या. एकाची प्रत बुडाली तरी तीस शिल्लक, मग कपाटात वेगळी प्रत ठेवणं म्हणजे सभासदांवर अविश्वास दाखवणं, असं त्यांचं तत्त्व होतं. तत्त्वाच्या बाबतीत वैती कुणाचं ऐकत नसत.

पहिल्याच आठवड्यात सभासद वैतींच्या कॉम्प्युटरवरून जे मिळेल ते ओढू लागले आणि घरचा फोन सदा अडकलेला राहू लागला. वैतींच्या आईला, सगुणाबाईंना, ससून डॉकवरून मासळीचा निरोप येईना.

"तुझ्या देवघेवीपायी माझा धंदा बसला रं!" आई कडाडली.

वैतींनी तोडगा काढला. प्रोग्रॅममध्ये एक चौकोन घातला. त्यावर खूण केली की आपलं वाटप बंद होई, पण इतरांच्या पडद्यावर आपल्या नावापुढे 'वाटप सुरू आहे' असंच दिसत राही. ही सोय त्यांनी फक्त आपल्यापुरती, तीही तात्पुरती केली होती. पुढची आवृत्ती वाटताना चौकोन काढायचा राहून गेला.

त्या आवृत्तीचं सभासदांनी जे स्वागत केलं, तसं आधी कशाचंच झालं नव्हतं. डोंबिवलीच्या सुधीरने तर मुद्दाम फोन केला. "वैतीसाहेब, काय सॉलिड सोय दिलीत! असं पाहिजे सॉफ्टवेअर!" वैती संकोचले, पण मनातून सुखावले. कौतुक कुणाला नको असतं?

गणपतीनंतर वैतींच्या कॉम्प्युटरची हार्ड डिस्क करकरली आणि कायमची गप्प झाली. दोन वर्षांचं काम गेलं. वैती मात्र शांत होते. तीस प्रती होत्या ना! ते रिक्षाने नौपाड्याला गेले.

"मूळ संहिता? ती जागा फार खायची हो," प्रमोदिनीबाई म्हणाल्या. "मी काढून टाकली. बाकी एकोणतीस जणांकडे असेलच."

वैतींनी पुढचे चार दिवस रजा टाकून सभासदांची दारं ठोठावली. प्रत्येक घरी चहा मिळाला, प्रत्येकाने ठरावाचं महत्त्व पटवून दिलं, आणि प्रत कुणा दुसऱ्याकडे नक्की असल्याची खात्री दिली. कल्याणच्या एका गृहस्थांनी तर वैतींनाच ठराव वाचून दाखवला. शेवटचा उरला सुधीर.

"माझ्याकडे नाहीये, पण टेन्शन कशाला घेता?" सुधीरने पडदा त्यांच्याकडे वळवला. "हे बघा, एकतीसच्या एकतीस जण वाटतायत."

खरंच होतं. प्रत्येक नावापुढे 'वाटप सुरू आहे' असं लिहिलेलं होतं. अकरावं नाव महिपत वैती. त्यांचा कॉम्प्युटर खोपटच्या दुरुस्तीवाल्याकडे पोट उघडून पडला होता, पण त्याचंही वाटप जोरात सुरू होतं.

"अरे हो, तुमच्याकडेच असेल की!" सुधीर म्हणाला.

वैती घरी येऊन भिंतीला टेकून बसले. त्यांना रडू यायच्या बेतात होतं. सगुणाबाईंनी कोळंबी सोलता सोलता सगळं ऐकून घेतलं.

"म्हावरं कोनी आनलंच नाय, तं वाटं कशाचं लावशील?" आई म्हणाली. "आनि पयला रिकाम्या हातानं कोन आला? तूच ना?"

दुसऱ्या दिवसापासून ते पहिल्या ओळीपासून पुन्हा लिहायला बसले. या खेपेस ते रोज पाच प्रती काढतात. पाचही स्वतःच्या कपाटात, कुलपात.

वाचकहो, वैतींना हसा, खुशाल हसा. गोष्ट आवडली तर हा दिवाळी अंक पुढे कुणाला तरी वाचायला द्या. त्याआधी ज्याचा आहे त्याला परत केलात तर बरं. मुखपृष्ठाच्या कोपऱ्यात त्याचं नाव लिहिलेलं आहे. मघापासून तुमचा अंगठा त्यावरच आहे.