आबांच्या पट्ट्याचा कौल

बाबा मासेमारीला गेले ते परतलेच नाहीत. घरात पेजेलाही तांदूळ नसत. आबांनी, म्हणजे माझ्या थोरल्या काकांनी, लोकांची जाळी शिवून मला इंजिनीअर केलं. आमच्या घराण्यात कॉलेज पाहिलेली मी पहिली. हे मी मान ताठ ठेवून सांगते.

पुढे काचबिंदूने आबांची नजर गेली. जीभ शाबूत राहिली. कोणी हात धरला की ओरडत, "सोड गो! मी काय व्हकल आसय, हात धरून मांडवात न्हेवक?" व्हकल म्हणजे नवरी.

रोज दुपारी त्यांना पास्कूकडे जायचं असे. पास्कू त्यांचा जुना दोस्त, अंगावरून वारं गेलेला. जायचं तेही एकट्याने. आणि वाट खाडीच्या बांधावरून!

म्हणून मी वाट ओळखणारा कमरपट्टा केला. वळायचं ज्या बाजूला, त्या बाजूला तो थरथरणार.

"कमरेत भुंगो घातलंस गो," म्हणत आबा निघाले. मी मागे. वळणावर पट्टा डावीकडे थरथरला आणि आबा खांबासारखे उभे. भरतीचं पाणी बांधाला लागलेलं.

"आबा, डावीकडे वळा!"

"डावो कौल पडलो. देव नको म्हणता!"

"देव न्हय तो, मोटर आसा!"

"कॉलेजात कौल शिकवणत नाय वाटता!"

आमच्याकडे देवाला कळी लावून कौल घेतात. उजवीकडची पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. नकार मिळाल्यावर आबा मागे सरकले. टाच बांधाच्या कडेवर. मी धावत जाऊन हात धरला. घरी येईस्तोवर ते 'व्हकल'सुद्धा म्हणाले नाहीत. तेच जास्त झोंबलं.

मी पट्टाच बदलला. तोंड बरोबर वाटेकडे असलं की उजवीकडे थरथर, चुकलं की डावीकडे.

पुन्हा तेच वळण. मी लांब, पावलं वाजू नयेत म्हणून अनवाणी. आबा थबकले. जागच्या जागी हळूहळू फिरले. पुन्हा थांबले. मग मान हलवून पुढे चालू लागले, थेट पास्कूच्या दारापर्यंत.

"वांगडा कोण आसा?" सोबत कोणी आलंय का, हे विचारणारा आतून पास्कूचा बोबडा आवाज.

"कोण नाय रे. आ कर."

खिडकीतून दिसलं. आबा चाचपत त्याला पेज भरवत होते. निम्मी हनुवटीवर सांडत होती. मी तोंड फिरवलं.

संध्याकाळी विचारलं तर म्हणाले, "दुसऱ्यासमोर तो तोंड उघडणा नाय. सांडता, म्हणान लाजता. माका खंय दिसता?"

आता आबा रोज दुपारी एकटे जातात. पास्कू पोटभर जेवतो.