सात मऊ, सात कडक

अस्मुससाठी गावातल्या बायकांनी कॉफीचं टेबल मांडायचं ठरवलं, ही बातमी सगळ्यात शेवटी कळली ती अस्मुसला. त्या वेळी तो स्वयंपाकघरात बसून उकडलेल्या अर्ध्या बटाट्याशी झटत होता. निरोप घेऊन आलेली ओलिने दारातूनच म्हणाली, "रविवारी दुपारी, सभागृहात. आम्ही चौदा जणी आहोत, चौदा केक आहेत. तू फक्त तोंड घेऊन ये." ओलिने सभागृहाच्या मंडळाची अध्यक्ष होती, आणि तिने ठरवलेली गोष्ट दुसऱ्या कुणी ठरवायची शिल्लक राहत नसे.

अस्मुसने पोटावर हात ठेवला. बटाट्याला तिथे आधीच जागा कमी होती.

त्याची बायको केस्तिने गेल्या शरदात वृद्धाश्रमात गेली होती. "थोड्या दिवसांसाठी," असं सगळे म्हणाले होते. ती परत आलीच नाही. दफनानंतर गावाने रांगेत उभं राहून त्याचा हात दाबला आणि प्रत्येकाने सांगितलं की काही लागलं तर कळव. डेन्मार्कच्या या दक्षिण टोकाला बोलावल्याशिवाय कुणाच्या दाराची घंटा वाजवणं हा आगाऊपणा समजतात आणि आपणहून मदत मागायची लाज वाटते. या दोन सभ्यपणांच्या मधोमध एखादा माणूस बसल्या जागी वाळून जाऊ शकतो, आणि तरीही सगळ्यांची वागणूक अगदी चोख राहते. अस्मुस हिवाळाभर काळी कॉफी आणि काळ्या ब्रेडच्या कडा यांवर जगला. उपास वगैरे काही नव्हता. दोन माणसांसाठी लावायचं टेबल एकासाठी लावायला त्याचा हात उचलत नसे, एवढंच. शेवटी तो गावच्या दुकानात, लोण्याच्या कपाटासमोर, उभ्याचा आडवा झाला.

इस्पितळातल्या आहाराच्या बाईंनी त्याला नीट समजावलं होतं. इतके दिवस उपाशी राहिलेल्या शरीरात एकदम अन्न ओतलं तर रक्तातले क्षार घसरतात, अंगात पाणी साठतं, हृदयसुद्धा गडबडतं. म्हणून आधी जीवनसत्त्वाच्या गोळ्या, मग थोडं थोडं, पुन्हा पुन्हा. मधून मधून रक्त तपासायचं आणि ते ठीक असेल तर घास वाढवायचे. बाईंना वाटलं म्हाताऱ्याला हे पटवायला वेळ लागेल. पण अस्मुसने उभा जन्म समुद्राकाठच्या बांधावर पाण्याची दारं राखण्यात घालवला होता. दार एकदम उघडलं की कोरडी शेतं भिजत नाहीत, बुडतात, हे त्याला बाईंच्या जन्माआधीपासून माहीत होतं.

आता दर सोमवारी आणि शुक्रवारी सरकारी नर्स हेन्रिएटे वजनकाटा घेऊन घरी येई. काटा हळूहळू चढायला हवा होता. खाली आला किंवा एकदम वर उडाला, तर ती त्याला वृद्धाश्रमात हलवणार होती. थोड्या दिवसांसाठी. हे दोन शब्द अस्मुसने आधी एकदा ऐकले होते. त्याला त्याच्या घरात राहायचं होतं, आणि मरायची वेळ आली तर मरायचंही तिथेच होतं.

तर रविवार उजाडला. अस्मुसने ठेवणीतला जाड कोट चढवला. कोट त्याचाच होता, पण आता त्यात आणखी एक अस्मुस मावला असता. दोन्ही खिसे तळाशी उसवलेले होते. "उद्या शिवते," असं केस्तिने म्हणाली होती, आणि मग ती गेली होती. खिशात ठेवायला तसंही काही नव्हतं, म्हणून तो ते विसरून गेला.

सभागृहात लांब टेबल सजलं होतं. या भागातला जुना नियम असा की टेबलावर सात मऊ केक हवेत आणि सात कडक, म्हणजे बिस्किटांसारखे, आणि पाहुण्याने प्रत्येकातला काप घ्यायचा. मऊ आधी, कडक मागून. प्रत्येक केकमागे त्याची मालकीण उभी असते आणि पाहुण्याच्या बशीवर तिची घारीसारखी नजर असते. एखादीचा केक चुकून राहिला, तर ती काही बोलत नाही; फक्त मरेपर्यंत लक्षात ठेवते.

अस्मुसच्या बशीत लोण्याचा केक आला, त्यावर सफरचंदाचा, त्यावर काळ्या ब्रेडचा थरांचा. उशीएवढाले काप. त्याने हळूच सांगितलं की डॉक्टरांनी एकदम खायला मनाई केली आहे. बायका हसल्या. हाडं मोजता येतात अशा माणसाला खाऊ नको म्हणणारा डॉक्टर कुठला, असं एकीने विचारलं. ओलिनेने तिच्या केकचा दुसरा काप वाढून विषय संपवला.

टेबलाच्या टोकाला बोटिला उभी होती. ती अस्मुसची शेजारीण. तिच्या चिक्कूपणाची गावात ख्याती होती. तिच्या केकच्या कापातून वर्तमानपत्र वाचता येतं, असं केस्तिनेच एकदा याच सभागृहात म्हणाली होती. तेव्हापासून तीस वर्षं गाव ते म्हणत होतं, आणि दोन्ही घरांचं बोलणं बंद होतं. बोटिलाने तिच्या केकचा काप अस्मुसच्या बशीच्या कडेला ठेवला. तो खरोखरच पानासारखा होता. अस्मुसने तेवढा एकच खाल्ला. नर्सच्या हिशेबात बसेल असा टेबलावर तेवढा एकच होता.

मग बोटिला सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "आज चौदा केक आहेत. हिवाळ्यात याच्याकडे कोण जात होतं?"

ओलिने म्हणाली की तिला वाटलं, मेटा जाते. मेटाला वाटलं होतं, पाद्रीणबाई जातात. पाद्रीणबाईंना वाटलं होतं, सभागृहाच्या मंडळाने काही व्यवस्था केली असेलच. मंडळ म्हणजे ओलिने. असं गोल फिरून ते जिथून निघालं तिथे आलं, आणि मग बायकांची तोंडं सुटली. कुणाची चूक हे ठरवण्यात त्या इतक्या रंगल्या, की ज्याच्याबद्दल चूक झाली त्याच्याकडे कुणाचं लक्ष राहिलं नाही. अस्मुसला वाईट वाटलं, पण वाईट वाटण्यात वेळ घालवण्यासारखी परिस्थिती नव्हती. त्याने एक एक काप कागदी रुमालात गुंडाळला आणि खिशांत सारला. मऊ आधी, कडक मागून. खिसे भरतच नव्हते, याचं त्याला नवल वाटलं, पण या नवलाचा त्याने पाठपुरावा केला नाही.

भांडण विझलं तेव्हा बशी स्वच्छ होती. ओलिनेचे डोळे भरून आले. "बघा," ती म्हणाली, "उपाशी होता बिचारा." निघताना पुन्हा सगळ्यांनी हात दाबले आणि काही लागलं तर कळव म्हणून सांगितलं.

घरी येऊन त्याने चिमण्यांसाठी खिसे रिकामे करायला घेतले. बदामाचं एक बिस्कीट निघालं, बाकी काही नाही. वाटेत पडलं असेल, असं त्याला वाटलं. कोट थोडा जड लागत होता, पण हल्ली त्याला सगळंच जड लागे.

सोमवारी हेन्रिएटे आली तेव्हा हा धडधाकट गृहस्थ आहे असं दिसावं म्हणून अस्मुस तोच कोट घालून बसला होता. कोवळ्या पोरीसमोर कपडे उतरवायला तो पहिल्या दिवसापासून तयार नव्हता, म्हणून ती कपड्यांचं म्हणून ठरावीक वजन वजा करी. आज वजा करूनही काटा शुक्रवारपेक्षा जवळजवळ दीड किलो पुढे गेला. हेन्रिएटेचा चेहरा उतरला.

"काल काय खाल्लंत?"

"केकचा एक काप. पातळ."

"अस्मुस, मला सकाळी दुकानात ओलिने भेटली. तुम्ही चौदाच्या चौदा खाल्लेत म्हणाली. बशी चाटून पुसून."

"ते खाल्ले नाहीत. खिशात घातले."

तिने खिशांत हात घातला. खिसे रिकामे. तिने त्याच्याकडे ज्या नजरेने पाहिलं, तशी नजर केस्तिनेच्या शेवटच्या महिन्यांत डॉक्टर केस्तिनेकडे टाकत. अस्मुसने ती ओळखली आणि बोलणं थांबवलं. ती घोटे दाबून सूज शोधू लागली, सूज नव्हती, पण तिने धोका पत्करला नाही. थोड्या वेळाने रुग्णवाहिका दारात आली आणि हेन्रिएटेही त्याच्यासोबत निघाली. रस्त्यापलीकडच्या खिडकीत बोटिलाचा पडदा हलला.

इस्पितळात रक्त काढलं, छातीला तारा लावल्या, आणि सगळं ठीक निघालं. तरुण डॉक्टर कोड्यात पडला. तेवढ्यात वॉर्डातल्या नर्सने अस्मुसचा कोट खुंटीला अडकवला आणि खुंटी कोटासकट खाली आली. तिने अस्तर चाचपलं, कात्रीने शिवण उसवली. लोण्याचा केक निघाला, सफरचंदाचा निघाला, काळ्या ब्रेडचा निघाला, पिळाची बिस्किटं आणि मिऱ्याची बिस्किटं निघाली. डॉक्टर हसता हसता खुर्चीत बसला. मग त्याचं लक्ष अस्मुसच्या चेहऱ्याकडे गेलं आणि तो हसायचा थांबला. त्याने अस्मुसला कोटाशिवाय पुन्हा काट्यावर उभं केलं. वजन चढलं होतं, हवं तेवढंच, चिमूटभर.

"उत्तम," डॉक्टर म्हणाला. "घरी जा. मात्र जेवणाच्या वेळी कुणीतरी समोर बसायला हवं, काही आठवडे तरी. आहे कुणी?"

हेन्रिएटेने तिथूनच फोन लावायला सुरुवात केली. ओलिने आनंदाने आली असती, पण मेटा शेजारच्या गल्लीत राहते, तिला जवळ पडेल. मेटाला गुडघ्यांनी धरलं होतं. पाद्रीणबाईंना विचारलंत का? पाद्रीणबाई म्हणाल्या की या कामात मंडळाला डावलणं बरं दिसणार नाही. सगळ्यांनी अस्मुसला नमस्कार सांगितला, आणि काही लागलं तर कळवायला सांगितलं. काय लागत होतं, तेच तर हेन्रिएटे फोनवर कळवत होती. शेवटी तिने फोन ठेवला आणि त्याच्याकडे न बघता म्हणाली, "मग आपण थोड्या दिवसांसाठी..."

अस्मुसने भिंतीकडे तोंड फिरवलं. एवढ्या हिवाळ्यात तो रडला नव्हता, आता रडला.

संध्याकाळी भेटीच्या वेळेत दार उघडून बोटिला आत आली. तिने खुर्ची ओढली, पण ती बसली नाही.

"ओलिने गावभर सांगतेय की तुम्हाला कुणी मिळालं नाही," ती हेन्रिएटेला म्हणाली. "माझं नाव लिहा. किती खायला घालायचं याला?"

हेन्रिएटेने सांगितलं: दर दोन तासांनी, थोडंच. आत्ता अर्धा बटाटा, चमचाभर मासा, चमचाभर रस्सा. त्याने मागितलं तरी जास्त द्यायचं नाही. वाढवायचं ते रक्त तपासून.

"एवढंच?" बोटिला म्हणाली. "एवढं मला जमेल."

दुसऱ्या दिवशी दुपारी ती घंटा न वाजवता त्याच्या स्वयंपाकघरात आली, झाकलेलं पातेलं घेऊन. तिने टेबल एकासाठी लावलं आणि स्वतः समोर बसली. मग अस्मुसने विचारलं, "तुलाही वाटलं होतं का, मेटा येते म्हणून?"

"मला काही वाटलं नव्हतं. तुझी खिडकी माझ्या खिडकीसमोर आहे. कुणी येत नाही, ते मला दिसत होतं."

"मग?"

"मग काही नाही. म्हटलं, वाळू दे. तुझ्या बायकोने मला तीस वर्षं गावाच्या तोंडी दिलं." तिने काट्याने बटाटा नीट मधोमध कापला आणि अर्धा उचलून परत पातेल्यात ठेवला. "तू दुकानात पडलास, त्या रात्री माझा डोळा लागला नाही. आता जेव, गार होतंय."

अस्मुस जेवला. अर्धा बटाटा, चमचाभर मासा, चमचाभर रस्सा. बशी संपली तेव्हा त्याच्या पोटात काहीतरी विचित्र हललं. आधी त्याला भीती वाटली, हृदयच असावं. मग त्याने ते ओळखलं. केस्तिने असताना रोज बाराच्या सुमाराला ते असंच हलायचं. त्याने बशी पुढे केली.

"आणखी थोडं देतेस?"

बोटिलाने पातेल्यावर झाकण ठेवलं.

"उद्या," ती म्हणाली.