घरातल्या रागाची पडताळणी

माणसाचा मेंदू जन्मभर एका बंद कवटीत, अंधारात, एकटाच बसून असतो. तरीही शेजारच्या कवटीत काय चाललं आहे याविषयी त्याला कधी शंका येत नाही. स्वतःच्या बाबतीत मात्र तो चाचरतो. राग आलाय की नुसती भूक लागलीय, हे ठरवायला त्याला अर्धा दिवस लागतो. या नैसर्गिक गैरसोयीवर उपाय म्हणून एका कार्यालयात भावना पडताळणी कक्ष उघडण्यात आला आणि तो उत्तम चालला होता.

कक्षाची पद्धत सोपी होती. एखाद्याला काय वाटतं आहे, हे आजूबाजूच्या पाच जणांनी त्याच्याकडे बघून लिहून द्यायचं. बहुमत होईल ती भावना. सुरुवातीला अर्जात 'अर्जदाराचं स्वतःचं म्हणणं' असाही एक रकाना होता. पण ज्याला स्वतःचा चेहरा दिसत नाही त्याची साक्ष ऐकीव धरावी, असा मुद्दा कक्षप्रमुखांनी काढला आणि रकाना रद्द झाला. तेव्हापासून वाद म्हणून उरला नाही. टायपिस्टबाईंच्या गालाला खळ्या असल्यामुळे त्या सलग नऊ वर्षं 'आनंदी' होत्या (दाढदुखीची रजा नामंजूर, इतक्या आनंदात दाढ दुखणं संभवत नाही). जिन्यावरचा पहारेकरी ओठ मुडपून उभा राही, म्हणून त्याला दर महिन्याला सांत्वनाचं पत्र जाई. कोण गेलं, हे विचारणं त्याला बरं वाटत नव्हतं. तो पत्रं जपून ठेवी.

अशा या कक्षप्रमुखांच्या घरी, त्यांची बायको अकरा दिवस त्यांच्याशी बोलली नाही.

म्हणजे भांडण झालं नव्हतं. पण 'अगं, ऐकलंस का' म्हटलं की ती खिडकीबाहेर बघत राही. बुधवारी तिने कपाटावरची बॅग खाली काढली. शनिवारचं बसचं तिकीट होतं, थोरल्या बहिणीच्या गावचं. परतीचं तिकीट कक्षप्रमुखांना सापडलं नाही (त्यांनी दोनदा शोधलं). बावीस वर्षांचा संसार एका बॅगेत मावतो की काय, या विचाराने त्यांच्या छातीत काहीतरी दाटून आलं. ते स्वतःचंच असल्यामुळे ऐकीव होतं. त्यांनी कार्यालयात हाताखालच्या कारकुनाला चेहरा दाखवला.

"अपचन, साहेब," कारकून म्हणाला.

त्यांनी तशी नोंद केली.

सरळ बायकोलाच विचारावं, असं एकदा स्वयंपाकघराच्या दारात त्यांच्या मनात येऊन गेलं. पण ज्याची भावना तपासायची त्यालाच विचारणं म्हणजे चौकशी बिघडवणं. त्यांनी रीतसर पाच निरीक्षक नेमले.

"दादा, वहिनी आतून धुमसतेय," बहिणीने सांगितलं. "मी मागून हाक मारली तर मान वळवली नाही."

"कशावरून धुमसतेय?"

"ते तुझं तुला ठाऊक. मी फक्त तोंड बघितलं."

शेजारीण म्हणाली, "भाऊजी, जिन्यात मी चांगली चौकशी करत होते, तर सरळ दार लावून घेतलं! एवढा ताठा?" मेहुणा आणि शिंपी यांचंही तेच मत पडलं. दूधवाल्याने 'पित्त' लिहिलं. निकाल: राग चार, पित्त एक.

रागावरचा विहित उपाय म्हणजे माफीनामा. चुकांच्या यादीसह, तीन प्रतींत. कक्षप्रमुख कामाला पक्के होते. बावीस वर्षांच्या एकेचाळीस चुका त्यांनी तारीखवार मांडल्या. आणि ते प्रामाणिकही होते, त्यामुळे बायकोच्या लक्षात न आलेल्या सहा चुकाही त्यांनी गाळल्या नाहीत.

शुक्रवारी संध्याकाळी बायकोने तिन्ही प्रती हातात घेतल्या आणि एक उभ्याउभ्या वाचली.

"अहो, पण मी रागावलेच नव्हते," ती म्हणाली.

"मग बोलत का नव्हतीस?"

"जरा मोठ्याने बोला."

त्यांनी तोच प्रश्न शेजारणीला नोंद करता येईल इतक्या मोठ्याने विचारला.

"डावा कान गेलाय माझा. उजव्यातही नुसती शिट्टी वाजते. जाम घाबरले होते हो. ताईच्या गावी कानाचे चांगले डॉक्टर आहेत, दाखवून सोमवारी परत येणार होते."

"मग सांगायचं नाही का!"

"तुम्ही विचाराल म्हणून थांबले होते." तिने कागदावर बोट ठेवलं. "हे सतरावं काय आहे? माझ्या नोकरीचं पत्र आलं होतं?"

"तू दमशील असं वाटलं मला."

"मला विचारलंत?"

कक्षप्रमुखांनी पुढचं कलम बघावं असं सुचवलं. पुढचं कलम तर त्याहून वाईट होतं.

शनिवारी ती गेली. सोमवार आला, बस आली, ती आली नाही. तिच्या थोरल्या बहिणीने फोनवर कळवलं, "कान बरा होईल म्हणतात. पण इतकी संतापलेली मी तिला उभ्या जन्मात पाहिली नाही."

फोनचा हा मजकूर फायलीला जोडताच निरीक्षकांचा निष्कर्ष तंतोतंत खरा ठरला, तोही प्रत्यक्ष घटनेच्या आधी. कार्यालयाने अभिनंदनाची सभा भरवली. हार गळ्यात घालून उभ्या असलेल्या कक्षप्रमुखांकडे पाच जणांनी निरखून पाहिलं आणि एकमताने 'अभिमान' लिहिलं.  ते स्वतः काही बोलले असते तरी ऐकीवच धरलं गेलं असतं.

या यशानंतर कक्षाचा विस्तार होत असून निरीक्षकांच्या जागा भरायच्या आहेत. वेगळी परीक्षा नाही. बायको बोलत नाही आणि बॅग खाली काढली, एवढं वाचूनच ज्यांनी मनाशी 'राग' लिहून टाकला, ते सर्व वाचक उत्तीर्ण आहेत. नेमणूक नको असल्यास कळवण्याची तसदी घेऊ नये. आपला चेहरा पाहून घरच्यांनी आपला होकार आधीच कळवला आहे.