भिंतीपासून भिंतीपर्यंत

नाना जोर्वेकर आमच्या घरी पहिल्यांदा आले, तेव्हा बसण्याआधी त्यांनी बैठकीची खोली मोजली. शबनम पिशवीतून तीस मीटरचा टेप काढला, एक टोक माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "त्या कोपऱ्यात धरा. ढिला सोडू नका." मी धरला. मग टेप गुंडाळून ते सोफ्यावर बसले आणि माझ्या बायकोला म्हणाले, "वहिनी, गवंड्यानं तुम्हाला चार इंच कमी दिलेत. चहा मात्र चालेल."

नाना जमीन मोजणीच्या खात्यात मोजणीदार होते. नोकरीभर लोकांचे बांध मोजले. निवृत्तीनंतर बांध संपले, हात थांबले नाहीत. केडगावातल्या आमच्या कॉलनीत नानांनी मोजलं नाही असं काही उरलं नव्हतं. त्यांच्या फाटकापासून दूधवाल्यापर्यंत दोनशे चौदा पावलं, गुडघा दुखत असला की दोनशे एकतीस. डॉक्टरांनी विचारलं, "कुठं दुखतं?" तर नाना म्हणाले, "वाटीच्या वर दोन सेंटिमीटर, तिथून पुढं सहा सेंटिमीटरचा पट्टा." "फार दुखतं का?" याला उत्तर नाही. 'फार' हे त्यांच्या लेखी मापच नव्हतं. "अंदाज नको, आकडा सांगा," हे त्यांचं पालुपद.

आमच्या समोरच्या बोरुडे अण्णांचे वडील गेले, तेव्हा सगळे माना खाली घालून बसलेले आणि नाना जिन्याच्या वळणावर टेप लावून उभे. "सात इंचांनी अडेल," ते म्हणाले. अण्णा रडता रडता ओरडले, "नाना, आज तरी!" पण वरच्या मजल्यावर बांधायला घेतलेली तिरडी मग मुकाट्यानं खाली अंगणात बांधली गेली.

लोक हसायचे, पण कुणाच्या वाटण्या निघाल्या की नानांनाच बोलवायचे. दोन भाऊ कुऱ्हाडी घेऊन समोरासमोर उभे असले तरी हा किरकोळ माणूस मधून टेप पसरत जायचा. हाताखालच्या पोरांना त्यांनी एकच गोष्ट घोकून घोकून शिकवली होती. भिंत माणूस बांधतो, कुंपण माणूस घालतो, आणि माणूस जरा पुढंच सरकतो. म्हणून मोजायचं ते हद्दीच्या दगडापासून.

आता माझं सांगतो. सांगायला मी फार वेळ लावला.

मंजूर नकाशात आमची गल्ली नऊ मीटरची आहे. मी घर बांधलं तेव्हा कंपाउंडची भिंत अडीच फूट पुढं घेतली. बायकोला मोगरा लावायचा होता, असं मी सांगत आलो. खरं कारण एवढंच की समोर अण्णांनी दोन फूट घेतले होते. ओळीनं सगळ्यांनीच घेतले होते. माझा हद्दीचा दगड त्यामुळं भिंतीच्या आत, मोगऱ्याच्या आळ्याशी राहिला. नानांनी तो पाहिला तेव्हा म्हणाले, "सर, अडीच फूट सरकारचे आहेत हं." मी हसलो. तेही हसले. त्यानंतर त्यांनी तो विषय काढला नाही, आणि मी याला त्यांचा चांगुलपणा समजत होतो.

नानांच्या पत्नी, आमच्या काकू, गेल्यावर नाना एकटे झाले. मुलगा पुण्याला, त्याचा फोन रविवारी. वरच्या एका खोलीत भाडेकरू होते. घोडेगावचा संदीप, त्याची बायको मंगल आणि दोन मुली. संदीप नागापूरच्या एमआयडीसीत एका वर्कशॉपमध्ये होता. संध्याकाळी मंगल जिन्यातून हाक मारायची, ती आख्ख्या गल्लीला ऐकू जायची.

"नाना, भाकरी टाकली. वर येताय, का आनू खाली?"

"किती टाकल्यास?"

"मला काय म्हाईत!"

"मला दीड."

"दीड न्हाई, दोन. आन मोजू नगा."

नानांना 'मोजू नका' म्हणण्याची हिंमत कॉलनीत दुसऱ्या कुणाची नव्हती. ते पुटपुटत जिना चढायचे. पायऱ्या सोळा.

गल्लीच्या टोकाला मोकळं रान होतं. तिथं चार मजली इमारती येणार अशी बातमी आली. एक खोली, स्वयंपाकघर, बाथरूम. कारखान्यात काम करणाऱ्या माणसाला कर्ज काढून झेपेल अशा भावात. जायचा रस्ता आमच्याच गल्लीतून.

अण्णांच्या पोर्चमध्ये मीटिंग भरली.

"पानी आत्ताच एक दिवसाआड," अण्णा म्हणाले. "तिथं दोनशे बिऱ्हाडं आल्यावर आपण काय तोंड धुवायचं का न्हाई?"

"आणि कोण येणार? एमआयडीसीचे. बारा गावचे लोक."

"माझ्या पोराला स्थळं येत्यात. पाव्हण्यांना काय दाखवू, गॅलरीतल्या चड्ड्या?"

"आपल्या बंगल्यांचे भाव काय राहतील, ते बोला ना."

भावाचं निघालं तसे सगळे खरं बोलायला लागले. तिथं बसलेल्या चौदा जणांपैकी तेरा जण कुठल्या ना कुठल्या गावाहून आलेले होते, मीसुद्धा. मराठी शिकवतो म्हणून हरकतीचा अर्ज लिहायचं काम माझ्याकडं आलं. चड्ड्या आणि भाव मी काढून टाकले. त्यांच्या जागी 'नागरी सुविधांवर पडणारा असह्य ताण' असं घातलं. छान जमला होता अर्ज. आणि त्यानं काहीही होणार नव्हतं, हे मला लिहितानाच कळत होतं.

त्याच आठवड्यात मंगल सगळ्यांकडं पेढे घेऊन आली. त्या इमारतीत त्यांनी नाव नोंदवलं होतं. "सर, मोरी घरातच हाय बगा," ती माझ्या बायकोला आणि मला म्हणाली. "पोरींना आता रातचं जिना उतरायला नगं." मी पेढा खाल्ला. अर्ज आत टेबलावर होता.

नानांनाही पेढा मिळाला. दुसऱ्या दिवशी सकाळी ते काठी घेऊन गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन आले आणि माझ्या फाटकाशी थांबून म्हणाले, "तीनशे चाळीस."

"काय तीनशे चाळीस?"

"पावलं. माझ्या जिन्यापासून तिच्या फाटकापर्यंत."

"मग जवळच की हो."

नाना वळले. तसेच घरी गेले. संध्याकाळी अण्णांकडं जाऊन त्यांनी आपण होऊन सांगितलं की पाण्याच्या आणि ताणाच्या हरकतीला कुणी विचारत नाही, रस्त्याची रुंदी बघा. एवढ्या मोठ्या इमारतीला नऊ मीटरचा रस्ता लागतो. तो कमी भरला तर परवानगी मिळत नाही.

रविवारी सकाळी मोजणी झाली. टेपचं दुसरं टोक धरायला नानांनी संदीपला खाली बोलावलं. नेहमी तोच धरायचा, म्हणून असेल. मी माझ्या फाटकात उभा होतो.

"तिकडं लाव, सरांकडं," नाना म्हणाले.

संदीप माझ्या भिंतीजवळ आला आणि त्यानं वाकून आत, मोगऱ्याकडं पाहिलं. "दगडाला लावू ना, नाना?"

"भिंतीला."

"आं?"

"भिंतीला लाव म्हणतो ना."

संदीपनं माझ्याकडं पाहिलं. मी मोगऱ्याकडं पाहिलं. त्याला त्या दिवसांत बऱ्याच कळ्या होत्या. संदीपनं टेपचं टोक माझ्या भिंतीला टेकवून धरलं, अजिबात ढिलं न सोडता. समोर अण्णांच्या भिंतीशी नानांनी वाचलं, "सात पॉइंट त्रेसष्ट." आवाज नेहमीसारखाच होता. आकडाही अगदी अचूक होता.

नानांनी नकाशा काढून खाली सही केली. त्या सहीवर आजवर कुणी शंका घेतलेली नव्हती. पाहणीला आलेला माणूस नानांच्याच हाताखाली शिकलेला निघाला. त्यानं टेप पिशवीतून काढलाही नाही. "नानांनी मोजलंय म्हटल्यावर मी काय मोजू?" म्हणाला आणि पाया पडून गेला. माझ्या बायकोनं त्याला चहा दिला. एक वाक्य बोललो असतो तर तो दगड पाहायला आत आला असता. मग माझी भिंत पाडावी लागली असती, आणि अण्णांची, आणि सगळ्यांची. मी चहाबरोबर बिस्किटं आणून ठेवली.

परवानगी नाकारली गेली. त्या रानात आता बारा बंगले आहेत. तेवढ्यांना तो रस्ता पुरतो. केडगावात भाड्याच्या खोल्या मिळेनाशा झाल्या, तशी भाडी चढली. मी माझ्या मागच्या खोलीचं भाडं दोनदा वाढवलं. 'सगळीकडं तेच चाललंय' असं भाडेकरूला सांगताना मला अडखळायला झालं नाही.

नानांनी एक रुपया वाढवला नाही. तरी वर्षभरानं मंगलनं निघायचं सांगितलं. नाना म्हणाले, "भाडं देऊच नकोस." ती म्हणाली, "भाड्याचं न्हाई, नाना. थोरली मोठी झाली आता. एका खोलीत किती दिस?" शहरात दुसरं काही परवडत नव्हतं. घोडेगावला दिराचं घर होतं, तिथं जायचं आणि संदीपनं मोटरसायकलवर रोज ये-जा करायची, असं ठरलं. टेम्पो भरताना नाना पायरीवर बसून होते. कपाट जिन्यात अडकलं. किती इंचांनी ते त्यांनी सांगितलं नाही.

पुढं नानांनी मोजणं सोडलं. कॉलनीत आधी सगळ्यांना बरं वाटलं, मग चुकल्यासारखं वाटायला लागलं. वरच्या खोलीसाठी माणसं विचारायला यायची. नाना फाटकातूनच परत पाठवायचे.

एके दिवशी सकाळी माझ्याकडं आले. "सर, घोडेगावला येता का? संदीपला गावात खोली बांधायचीय, जागा मोजून देऊ."

एस.टी.त बसलो. बाजाराचा दिवस होता. म्हशी भरलेले टेम्पो पुढं, आम्ही मागं. इमामपूरचा घाट उतरल्यावर नाना खिडकीबाहेर बघत म्हणाले, "तीनशे चाळीस पावलं मला लांब वाटली हो, सर. म्हटलं, तिथनं कोण हाक मारणार." मी खालच्या मानेनं तिकिटाची घडी घालत राहिलो. त्यांच्या त्या एका भीतीवर आम्ही चौदा घरांनी आपापल्या भिंती टेकवल्या होत्या, आणि हे मला त्या रविवारीच माहीत होतं.

संदीप घरी नव्हता. पहिली पाळी, पाचलाच निघालेला. मंगल ओट्यावर तांदूळ निवडत होती. वाळलेली दिसली. आम्हाला बघून घाईनं उठली, घोंगडी टाकली. घरात सासू, दीर, जाऊ, पोरं. जागा मोजायचं नानांनी काढलं तेव्हा ती म्हणाली, "कसली जागा, नाना? बांधायचं आता कुटं जमतंय. तुमाला कोनी सांगितलं?"

नानांना कुणीच सांगितलेलं नव्हतं. त्यांनी पिशवी खाली ठेवली. मग म्हणाले, "मंगल, ती गल्ली नऊ मीटरची होती."

"म्हाईत हाय."

"मी भिंतीपासून मोजली."

"ह्यांनीच तर धरलं हुतं नव्हं दुसरं टोक," ती म्हणाली. सुपातली बोटं थांबली नाहीत. "घरी येऊन सांगितलं मला. म्हनले, नानांनी असं कसं केलं. मी म्हनलं, गप ऱ्हावा. त्यांच्या घरात ऱ्हातो आपन. काय तरी आसंल त्यांच्या मनात, सांगतील मागनं."

"मग विचारलं का नाहीस?"

"वाट बगितली की. रोज भाकरी वाढताना वाटायचं, आज सांगतील." मग माझ्याकडं वळून, काही राग न धरता म्हणाली, "सरांना बी म्हाईतच हुतं. दगड त्यांच्याच तर मोगऱ्यात हाय."

मला वाटतं मी 'हो' म्हणालो. नक्की आठवत नाही. म्हणालो असलो तरी ते कुणाला ऐकू जाईल इतपत नव्हतं.

नाना बराच वेळ त्या घराकडं बघत राहिले. दाराकडं, पत्र्याकडं, ओट्यावर गुंडाळून ठेवलेल्या वळकट्यांकडं. नेहमी कसं बघायचे, तसं नव्हे. मग त्यांनी विचारलं, "गावात एखादी खोली मिळेल का गं? भाड्यानं. एकट्याला."

मंगलनं सूप खाली ठेवलं. ती हसेल असं मला वाटलं होतं. ती हसली नाही. खरोखरच कुणाकडं आहे का, असा विचार करत ती जरा वेळ गल्लीकडं बघत राहिली.

"न्हाई ओ, नाना," ती म्हणाली. "आमीच धा जन हाय दोन खोल्यांत. भाऊजी हितं ओट्यावर निजत्यात. तुमाला कुटं ठेवू?"

नानांनी मान हलवली.

"जेवून जावा मातर," ती म्हणाली, आणि पीठ पुरेल का ते बघायला आत गेली.