गार पडल्याशिवाय भरू नका

आईचा ताप उतरत नव्हता आणि टाकीही गार होत नव्हती. आई घरी पलंगावर, टाकी यानासकट पृथ्वीभोवती घिरट्या घालत, आणि दोघींचा घोर नियंत्रण कक्षातल्या एकाच माणसाला. त्याला सगळे टाकीवाला म्हणत.

उन्हाने तापलेल्या टाकीत अतिथंड इंधन ओतलं की ते उकळून त्याची वाफ होते आणि ती बाहेर सोडावी लागते. म्हणून आधी चूळभरच सोडायचं, टाकी निवू द्यायची, पुन्हा चूळभर. "गार पडल्याशिवाय भरू नका," हे टाकीवाल्याने ऑफिसात आणि घरी इतकं घोकलं होतं की उकळलेलं पाणी बाटलीत भरताना त्याची आईही तेच पुटपुटायची. इंधन एकदाच पुरेल एवढं होतं. ते वाया गेलं तर यान वर अडकणार आणि टाकीवाल्याची नोकरी जाणार.

शेजारच्या खोलीतून झडपवाल्याने हेडफोनवर विचारलं, "बाईसाहेब गार पडल्या का?" टाकीच्या नखऱ्यांमुळे तिला हेच नाव पडलं होतं.

"अजून नाही. तापमान बघणाऱ्या मॅडम सांगतील, मगच उघड."

तेवढ्यात घरून फोन आला. हात अडकलेले, म्हणून टाकीवाल्याने तो स्पीकरवर घेतला. माइक चालूच होता.

"अहो, गार पडल्या एकदाच्या!" बायको म्हणाली आणि फोन कट झाला.

 टाकीवाल्याने उलट फोन लावला, कुणी उचलेना. "आई गेली!" म्हणून त्याने टेबलावर डोकं टेकलं. पलीकडे झडपवाल्याने बाईच्या आवाजात 'गार पडल्या' एवढंच ऐकलं होतं. मॅडमच असणार, असं समजून त्याने झडप तेव्हाच सताड उघडली होती.

टाकीवाल्याने मान वर केली तेव्हा सगळं इंधन वाफ होऊन अवकाशात गेलं होतं.

साहेब तावातावाने आत आले. "घरी बसवतो तुला!"

"साहेब, त्यांची आई गेली," मॅडम हळूच म्हणाल्या.

साहेब विरघळले. "अरे, मग आधी सांगायचं नाही का? इंधनाचं मी बघतो. तू जा."

टाकीवाला रडत घरी पोहोचला. आई पलंगावर बसून सूप पीत होती. ताप उतरला होता, आणि जागरणाने पिचलेली बायको फोन हातात घेऊनच खुर्चीत झोपली होती. त्याने आईला मिठी मारली. मग त्याला नोकरी आठवली. आई जिवंत असल्याची भीती वाटावी, याची त्याला भयंकर लाज वाटली.

त्याने तिला सगळं सांगितलं. तेवढ्यात बेल वाजली. दारात साहेब, हातात पुष्पचक्र.

आईने वाटी खाली ठेवली. "किती वेळ पडायचंय?" तिने विचारलं आणि डोक्यावरून चादर ओढून घेतली.

"आई, नको गं!" तो म्हणेपर्यंत साहेब आत आले होते. त्यांनी वाकून पायांना हात लावला आणि दचकले.

"अरे, पाय अजून गरम आहेत!"

"मग घाई कशाला करता?" चादरीखालून आवाज आला. "गार पडल्याशिवाय भरू नका म्हणून पोरगं कानीकपाळी ओरडतंय. तुमच्यात ऐकतंय कोण त्याचं?"