दादारावांचं ‘येऊन राह्यलं’

दुकान बंद करताना मी आमच्या जुन्या नोकराशी, दादारावांशी, खोटं बोललो. दुरुस्ती काढली आहे, महिनाभर येऊ नका, एवढंच सांगितलं. ज्या माणसाच्या तोंडात ‘नाही’ हा शब्दच नव्हता, त्याला ‘आता दुकान नाही’ कसं सांगायचं?

वर्ध्याच्या बाजारातलं आमचं दोन मजली दुकान. खाली भांडी, ट्रंका, छत्र्या, वर कापड. बाबांच्या काळात देवळीकडच्या लग्नांचे बस्ते आमच्याकडेच बांधले जायचे आणि वरच्या मजल्यावर दादारावांचं राज्य असायचं. माल संपलेला असो की कंपनीच बुडालेली असो, त्यांचं उत्तर ठरलेलं: “येऊन राह्यलं,” म्हणजे येतंच आहे. तोवर बसा, चहा घ्या. लाल शालूसाठी अडून बसलेल्या कितीतरी मामांना त्यांनी चहा पाजून पाजून हिरव्यावर आणलं. एकदा एका टवाळानं हत्तीची झूल मागितली.

“येऊन राह्यली,” दादाराव शांतपणे म्हणाले. “हत्ती केवढा हाय?”

बाबा गेले, गिऱ्हाईक मोठ्या मॉलकडे वळलं, माझा धीर सुटला. शटर पडलं. मग बोरगाव मेघेला, आमच्या घराकडे, लोक मला अडवून विचारू लागले, काम कुठवर आलं? दर बाजाराच्या दिवशी दादाराव देवळीहून बसनं येत, बंद शटरपुढच्या पायरीवर बसत आणि येणाऱ्याजाणाऱ्याला दुकान उघडणार असल्याचं सांगत. मी त्या रस्त्यानं जाणंच सोडलं.

यंदा माझ्या मुलीनं खालचा मजला पुन्हा उघडायचं ठरवलं. रंग झाला, माल लागला. तिनं एकच अट घातली: आधी दादारावांना खरं सांगून या, मगच शटर वर जाईल.

देवळीला गेलो. बायको गेल्यापासून ते एकटेच. पाणी देऊन समोर बसले. दुकान उघडतंय म्हटल्यावर त्यांनी आधी वरच्या मजल्याचं विचारलं. तो पुढच्या वर्षी, मी म्हणालो, आणि दुरुस्तीचं बोलायला तोंड उघडलं, तर त्यांनीच थांबवलं.

“मले पहिल्याच महिन्यात समजलं, भाऊ. दुरुस्ती म्हनता, अन् एकबी मिस्तरी नाई.”

“मंग येत काऊन होते?” मी विचारलं.

“घरी मले कोनी काही मांगत नाई. तिथं लोकं बंद शटर पाहूनबी मांगत होते.”

वाटेत जुळवलेलं सगळं मी विसरलो.

“दादाराव,” मी म्हणालो, “मी भेकड निघालो. तुम्हाले तोंडावर सांगाले पाह्यजे होतं. माफ करा मले.”