डेलिगेटला डोकं नसतं

आमच्या शेजारच्या आबा साळुंक्यांना चार माणसं एकत्र दिसली की हात वर करायला लावायची खोड आहे. गल्लीतलं कुत्रं ठेवायचं की हाकलायचं, गणपतीत महाप्रसादाला बुंदी की शिरा, सगळं ते हात मोजून ठरवतात. एकदा दवाखान्यात नंबर लावून बसलेल्या पेशंटांना त्यांनी विचारलं, "पंखा फास्ट पायजे का स्लो? फास्टवाले, हात वर!" तापानं फणफणलेल्या एका बाईनं बिचारीनं खरंच हात वर केला.

स्वतः आबा मात्र कधीच हात वर करत नाहीत. त्यांच्या मते अध्यक्षाला मत नसतं. घरात नवराबायको दोनच, त्यामुळे रोज भाजीच्या प्रश्नावर एकट्या मालूकाकूंचा हात वर होतो आणि ठराव एकमतानं पास होतो. काकूंना ही पद्धत फार आवडते.

ही खोड वाळूजची. आबा तिथल्या कारखान्यात होते, युनियनचे कार्यकर्ते. शिफ्ट सुटली की गेटवर मीटिंग, रंगाच्या रिकाम्या ड्रमवर उभं राहून भाषण, आणि मग हात वर. एका वर्षी कामगारांनी हात वर करून संप चालू ठेवायचं ठरवलं, आणि त्यांच्या वतीनं बोलायला पाठवलेल्या डेलिगेटनं आत जाऊन परस्पर समझोत्यावर सही केली. वर म्हणाला, मी माझं डोकं चालवलं. त्यात कित्येकांची नोकरी गेली. त्या दिवसापासून आबांनी एकच वाक्य धरलं: "डेलिगेटला डोकं नसतं, तोंड असतं." रिटायर होताना लोकांनी त्यांना शाल दिली, आबांनी ड्रम मागून घेतला. मुकुंदवाडीच्या आमच्या कॉलनीत तो गल्लीच्या तोंडाशी उपडा ठेवलेला असतो.

ड्रमशेजारी सिमेंटचा कट्टा आहे. संध्याकाळी आबा तिथं बसत आणि बाजूला आपला रुमाल पसरून ठेवत. कुणी बसायला गेलं की, "जागा धरलेली हाय." ती जागा रशीदभाईंची. दोघांनी उभा जन्म एका शिफ्टच्या बसमधून काढला. जो आधी चढेल त्यानं दुसऱ्यासाठी रुमाल टाकायचा. रशीदभाई गल्लीच्या पलीकडच्या वस्तीत राहायचे. गुडघे गेलेले, काठी टेकत गल्लीतून हळूहळू यायचे. आबांना 'दत्तू' म्हणणारं तेवढं एकच माणूस होतं. "क्या दत्तू, आज किसकू हात उपर करने लगाया?" असं म्हणत रुमाल उचलून बसायचे. मग दोघं मिळून सरकारला शिव्या घालायचे.

बऱ्याच वर्षांनी महापालिकेच्या निवडणुका झाल्या आणि आमच्या कॉलनीतलीच अर्चना नगरसेविका झाली. माझी जुनी विद्यार्थिनी. निकालाच्या दिवशी गुलाल पुसायच्या आधी आबांनी तिला ड्रमसमोर उभं केलं. "पोरी, ध्यानात ठेव. आमी सांगायचं, तू बोलायचं. डेलिगेटला डोकं नसतं." ती हसली. मीही हसले. तेव्हा हसण्यासारखंच होतं.

मग तो गेटचा विषय निघाला. वस्तीतल्या लोकांना कब्रस्तानात जायला आमची गल्ली हाच जवळचा रस्ता. कॉलनीतल्या काही मंडळींना अचानक साक्षात्कार झाला की गल्लीतून मयत जाणं वास्तूला चांगलं नाही, लेकरं घाबरतात, तेव्हा वस्तीकडच्या टोकाला लोखंडी गेट बसवून कुलूप घालावं. गेल्या वर्षी समोरच्या देशपांडे काकांची अंत्ययात्रा याच गल्लीतून निघाली, तेव्हा वास्तू कुठं फिरायला गेली होती? खरं कारण सगळ्यांना माहीत होतं. ते उच्चारायची हिंमत नव्हती म्हणून लेकरांना पुढं केलं.

आबांनी मीटिंग लावली. ड्रमवर उभे राहिले. मी विरोधात बोलले, कुणी ऐकून घेतलं नाही. "गेट पायजे म्हणणाऱ्यांनी, हात वर." हातांचं नुसतं रान उठलं. सत्यनारायणाला ज्यांच्या हातचा प्रसाद खाते, त्यांचे हात. माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली.

गल्ली महापालिकेची, म्हणून अर्चनाच्या शिफारशीशिवाय गेट बसणार नव्हतं. ती म्हणाली, "आबा, मला हे पटत नाही. रस्ता सगळ्यांचा असतो. वस्तीतल्यांचीही मतं मला पडलीत."

"तुला पटतंय का, हे इचारलं कुणी?" आबा कडाडले. "मीटिंग हितं झाली. हात पडले. तुला पटंल तेच करायचं असंल तर आमी कशाला पायजे?"

मागून कुणीतरी पुढच्या निवडणुकीची आठवण करून दिली. अर्चनानं शिफारशीवर सही केली. दुसऱ्यांची बुडणारी नाव वाचवण्याविषयी मी हिला वर्गात कितीतरी निबंध लिहायला लावले होते. हिनं स्वतःची नाव तेवढी वाचवली. गेट बसलं. चावी आबांकडे राहिली, कारण आबा कुणाच्याच बाजूचे नाहीत, असा त्यांचा लौकिक!

रशीदभाईंचा फोन आला तेव्हा मी कट्ट्यापाशीच होते. आबांना कमी ऐकू येतं, त्यामुळे त्यांचा फोन अख्खी गल्ली ऐकते. "हौ दत्तू, तूने उसूल रखा, बराबर है. लेकिन मेरे घुटनों कू तेरा उसूल नै समझता रे." मोठ्या रस्त्यानं वळसा घालून येणं त्यांना जमण्यासारखं नव्हतं. आबा मात्र जाऊ शकत होते. गेले नाहीत. लाज वाटत असणार, दुसरं काय? पण रुमाल रोज पसरायचे. मला तो रुमाल पाहून चीड यायची. रस्ता स्वतः बंद करायचा आणि जागा धरून बसायचं, हा कुठला न्याय?

उन्हाळ्यात एका सकाळी रशीदभाई गेले. दुपारच्या नमाजनंतर जनाजा गेटच्या पलीकडे येऊन थांबला. त्यांच्या थोरल्या मुलानं गजांतून हाक मारली, "चाचा, चाबी है ना तुमारे पास?"

आबा चप्पल सरकवत तिथं पोहोचले होते. ड्रमही त्यांनी लोटत लोटत तिथवर नेला होता. मला वाटलं, आता उघडतील. तर हा माणूस ड्रमवर चढला आणि कॉलनीकडे तोंड करून ओरडला, "आजच्या दिवस गेट उघडावं म्हणणाऱ्यांनी, हात वर!"

सगळ्या गॅलऱ्या माणसांनी भरल्या होत्या. माझा हात वर होता, मालूकाकूंचा होता. आणखी एखाददुसरा असेल. बाकीचे हात गॅलऱ्यांच्या कठड्यांवरच राहिले. वरून एकजण म्हणाला, "आज उघडलं की रोजचंच होईल, आबा."

"आबा, उघडा ते कुलूप!" मी ओरडले. शाळेत इतका आवाज मी कधी चढवला नव्हता. "खिशात चावी आहे तुमच्या!"

"हात नाय पडले, बाई," ते म्हणाले.

त्या क्षणी मला त्यांचा जितका राग आला, तितका आयुष्यात कुणाचा आला नाही. ड्रमला लाथ मारून त्यांना खाली पाडावंसं वाटलं.

मग आबांनी ड्रमवरूनच गेटचा वरचा दांडा धरला आणि पाय वर टाकला. पायजमा अडकून टर्रकन फाटला. चपला अलीकडे पडल्या. आमच्या बाजूला कुणीतरी फिदीफिदी हसलं. आबा गेटवर आडवे, धड इकडे ना तिकडे. पलीकडून रशीदभाईंच्या मुलांनी त्यांना कमरेला धरून लेकरासारखं उतरवून घेतलं. खिशात चावी असलेला माणूस गेट चढून गेला आणि जनाज्याला खांदा देऊन, अनवाणी, मोठ्या रस्त्याच्या वळशाला लागला.

परतही ते त्याच वळशानं आले. तळपायांना फोड आले होते. अर्चना निरोप मिळताच आली होती, कट्ट्यापाशी उभी होती. आबांनी चावी काढून तिच्या हातावर ठेवली.

"मीटिंग बोलावू का, आबा?" तिनं विचारलं.

"नको," ते म्हणाले. "मीटिंगीत हात मोजता येतात पोरी. आज मी मोजले. लई वंगाळ मोजले. तुला डोकं हाय. देवानं दिलंय. मी नाय म्हणलो तरी हाय. वापर ते."

अर्चनानं जाऊन कुलूप काढलं. गॅलऱ्यांमधून आरडाओरडा झाला, आमच्या मतांवर निवडून आलीस, राजीनामा दे. ती म्हणाली, "पुढच्या वेळी पाडा मला. तोपर्यंत हे उघडं राहील." आता लोक पोरगी फार धीट म्हणून तिचं कौतुक करतात. मी करत नाही. हेच धैर्य तिनं गेट बसायच्या आधी दाखवलं असतं, तर रशीदभाई शेवटचे काही महिने तरी दत्तूशेजारी बसले असते.

आबांवरही मी अजून चिडलेलीच आहे. परवा संध्याकाळी हे सगळं एकदाचं तोंडावर बोलून टाकावं म्हणून मी कट्ट्यावर गेले. आबा एका कडेला बसले होते. गेट उघडं होतं आणि ते त्या दिशेला बघत होते. बाजूला रुमाल पसरलेला. मी तो उचलून बसणार, तेवढ्यात त्यांनी मनगट धरलं.

"बाई, तिथं नका बसू," ते म्हणाले. "जागा धरलेली हाय."

मी रुमाल होता तसा नीट पसरला आणि उभीच राहिले.